वायरलेस डीबगिंग: एकाच वाय-फायवर असूनही फोन आणि कॉम्प्युटर जोडले का जात नाहीत?

फोनची स्क्रीन लॅपटॉपवर दाखवून रील रेकॉर्ड करायचा आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बनवलेलं अ‍ॅप स्वतःच्या फोनवर चालवून बघायचं आहे. किंवा फोनचं चार्जिंग पोर्ट सैल झालंय, केबल लावली की चार्ज होतं, पण कॉम्प्युटरला फोन दिसतच नाही. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘वायरलेस डीबगिंग चालू कर, केबलची गरजच नाही.’

आपण व्हिडिओ बघून ते चालू करतो. फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर असतात, कोडही बरोबर टाकलेला असतो, तरी कनेक्शन होत नाही. किंवा काल झालेलं असतं आणि आज होत नाही. मग तेच तेच परत करून बघण्यात अर्धा दिवस जातो.

खरं तर यातल्या बहुतेक अडचणींची कारणं मोजकी आहेत. शिवाय स्क्रीनवर येणारा एररचा मेसेजच नेमकं काय बिघडलंय ते सांगत असतो. तो वाचायचा कसा, कोणती गोष्ट आधी तपासायची आणि काम झाल्यावर काय बंद करायला विसरायचं नाही, ते समजून घेऊ.

वायरलेस डीबगिंग म्हणजे नेमकं काय?

अँड्रॉइड फोन आणि कॉम्प्युटर यांच्यात सूचनांची देवाणघेवाण करणारं एक साधन आहे. त्याचं नाव अँड्रॉइड डीबग ब्रिज, म्हणजेच एडीबी. याचे तीन भाग असतात. कॉम्प्युटरवर आपण ज्यात कमांड टाइप करतो तो पहिला. कॉम्प्युटरवरच मागे शांतपणे चालू असणारा एडीबी सर्व्हर हा दुसरा. आणि फोनमध्ये या सूचना ऐकून त्या अमलात आणणारा प्रोग्राम हा तिसरा.

पूर्वी हे सगळं केबलवर चालायचं. वाय-फायवर न्यायचं असेल तरी एकदा केबल लावून फोनला ५५५५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकायला सांगावं लागायचं. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ मध्ये ‘वायरलेस डीबगिंग’ हा स्वतंत्र पर्याय आला आणि केबल पूर्णपणे वगळता आली. त्यासोबत सुरक्षाही वाढली. आता आधी सहा अंकी कोड किंवा क्यूआर कोडने ओळख पटवावी लागते आणि पुढचं सगळं बोलणं एन्क्रिप्ट होऊन जातं.

तुमच्या फोनमध्ये अँड्रॉइड १० किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर वायरलेस डीबगिंगचा हा पर्याय सहसा दिसणारच नाही. तिथे पहिल्यांदा केबल लागतेच. फोन रीस्टार्ट झाला की तीही मांडणी पुसली जाते आणि केबल पुन्हा लावावी लागते.

आधी योग्य पद्धत पाहू

१. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हा नंबर ‘सॉफ्टवेअर माहिती’त असतो, तर काहींमध्ये त्याऐवजी सिस्टीमच्या आवृत्तीच्या नावावर टॅप करावं लागतं. त्यानंतर ‘डेव्हलपर पर्याय’ हा नवा विभाग दिसू लागतो.

२. डेव्हलपर पर्यायांमध्ये ‘वायरलेस डीबगिंग’ चालू करा आणि ‘या नेटवर्कवर परवानगी द्यायची का’ या प्रश्नाला होकार द्या. हे नेटवर्क घरचं, ओळखीचं असावं.

३. बटणाऐवजी ‘वायरलेस डीबगिंग’ या शब्दांवर टॅप केलं की आतलं पान उघडतं. तिथे ‘पेअरिंग कोड वापरून डिव्हाइस पेअर करा’ निवडा. एक छोटी चौकट उघडेल. त्यात सहा अंकी कोड, फोनचा आयपी पत्ता आणि कोलननंतर पोर्ट क्रमांक दिसेल.

४. कॉम्प्युटरवर गुगलचे ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ हे मोफत पॅकेज लागतं. टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एडीबी पेअर’ ही कमांड टाइप करा, पुढे तो पत्ता आणि पोर्ट लिहा. विचारल्यावर सहा अंकी कोड टाका. कमांड आणि आकडे नेहमीच्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांतच टाइप करायचे.

५. पेअरिंग झाल्यावर फोन आपोआप जोडला गेला नाही, तर ‘एडीबी कनेक्ट’ ही कमांड पत्ता आणि पोर्टसह द्या. शेवटी ‘एडीबी डिव्हाइसेस’ लिहून यादीत फोन दिसतो का ते बघा.

अँड्रॉइड स्टुडिओ वापरणाऱ्यांना हे सगळं क्यूआर कोड स्कॅन करून करता येतं. पण तो मार्ग अडला की वरच्या पायऱ्या हाताने करून बघणं हाच सगळ्यात चांगला तपास आहे, कारण गाडी नेमकी कुठे अडली ते लगेच कळतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक: पोर्ट दोन असतात

वरच्या चौथ्या आणि पाचव्या पायरीत पत्ता तोच असतो, पण पोर्ट वेगळा असतो. बहुतेक जण इथेच फसतात.

कोडच्या चौकटीत दिसणारा पोर्ट फक्त ओळख पटवण्यापुरता असतो. ती चौकट बंद केली की तो पोर्टही बंद होतो आणि पुन्हा उघडली की नवा कोड, नवा पोर्ट येतो. म्हणून पेअरिंग पूर्ण होईपर्यंत ती चौकट उघडीच ठेवा, फोन लॉक होऊ देऊ नका.

प्रत्यक्ष कनेक्शनचा पोर्ट वायरलेस डीबगिंगच्या मुख्य पानावर ‘आयपी पत्ता आणि पोर्ट’ या ओळीत असतो. समजा चौकटीत १९२.१६८.१.५ च्या पुढे ४१२३५ दिसतोय आणि मुख्य पानावर ३७२६५. तर पेअर करताना ४१२३५ आणि कनेक्ट करताना ३७२६५ वापरायचा. वायरलेस डीबगिंग बंद करून पुन्हा चालू केलं की मुख्य पानावरचा पोर्टही बदलतो. कालची कमांड आज जशीच्या तशी चालत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पेअरिंग मात्र रोज करावं लागत नाही. ती एकदाची ओळख असते. फोनच्या ‘पेअर केलेली डिव्हाइस’ या यादीत तुमचा कॉम्प्युटर दिसत असेल, तर थेट कनेक्ट करा.

एरर काय सांगतोय ते वाचा

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे. कॉम्प्युटर फोनपर्यंत पोहोचलाय, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. म्हणजे घर सापडलं, पण दार चुकीचं ठोठावलं. पोर्ट पुन्हा बघा आणि वायरलेस डीबगिंग आपोआप बंद झालं नाही ना, ते तपासा.

‘टाइम्ड आउट’ किंवा ‘नो रूट टू होस्ट’: इथे कॉम्प्युटर फोनपर्यंत पोहोचलेलाच नाही. कोड आणि पोर्ट बदलत बसून उपयोग नाही. दोष नेटवर्कमध्ये आहे. त्यावर पुढे सविस्तर बोलू.

‘अननोन कमांड पेअर’: कॉम्प्युटरवरचं एडीबी जुनं आहे. पेअरिंगची सोय प्लॅटफॉर्म टूल्सच्या ३०.०.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांमध्येच आहे. नवीन पॅकेज उतरवा. ‘एडीबी व्हर्जन’ लिहिलं की कोणती आवृत्ती आहे आणि ती कोणत्या फोल्डरमधून चालतेय, तेही दिसतं.

‘सर्व्हरची आवृत्ती जुळत नाही’ अशा अर्थाचा मेसेज: कॉम्प्युटरवर दोन वेगवेगळे एडीबी आहेत. अँड्रॉइड स्टुडिओ, स्क्रीन दाखवणारे प्रोग्राम, फोन कंपन्यांची सॉफ्टवेअर, यातले काही स्वतःचं एडीबी सोबत आणतात. ते एकमेकांचा सर्व्हर बंद पाडत राहतात आणि कनेक्शन सतत तुटतं. एकच नवं एडीबी ठेवा, बाकी प्रोग्राम बंद करा.

‘अनऑथराइज्ड’: फोन सापडलाय, पण फोनने परवानगी दिलेली नाही. फोनचं लॉक उघडा, परवानगीचा प्रश्न आलाय का बघा. आला नसेल तर डेव्हलपर पर्यायांतून जुन्या डीबगिंग परवानग्या रद्द करून पुन्हा पेअर करा. अँड्रॉइड ११ पासून एखादा कॉम्प्युटर सात दिवस जोडला गेला नाही, तर त्याची परवानगी आपोआप संपते. सुट्टीवरून परत आल्यावर हा प्रश्न येतो, तो यामुळे.

‘ऑफलाइन’: जुनं कनेक्शन अर्धवट लटकलेलं आहे. ‘एडीबी डिसकनेक्ट’ लिहा. मग ‘एडीबी किल-सर्व्हर’ आणि त्यानंतर ‘एडीबी स्टार्ट-सर्व्हर’ द्या आणि पुन्हा जोडा. पेअर करताना ‘प्रोटोकॉल फॉल्ट’ आला तरी आधी हाच उपाय करून बघा.

‘एकापेक्षा जास्त डिव्हाइस’: तोच फोन केबलनेही जोडलेला असेल किंवा कॉम्प्युटरवर एम्युलेटर चालू असेल. केबल काढा, एम्युलेटर बंद करा.

‘एकाच वाय-फायवर’ असणं पुरेसं का नसतं?

टाइम आउट होत असेल तर आधी दोन्ही पत्ते शेजारी ठेवून बघा. फोनचा पत्ता वायरलेस डीबगिंगच्या पानावर आहे. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपी-कॉन्फिग’ लिहिलं की कॉम्प्युटरचा पत्ता दिसतो. मॅकवर वाय-फायच्या तपशिलात तो मिळतो. घरगुती नेटवर्कवर साधारणपणे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत.

ते वेगळे असतील तर पुढचं कारण शोधायला सोपं जातं. आपल्याकडे फायबर इंटरनेट घेताना कंपनीचा एक डबा भिंतीवर बसतो आणि रेंज कमी पडते म्हणून आपण आतल्या खोलीत स्वतःचा राउटर लावतो. दोन्ही वाय-फाय देतात, दोन्हींवर इंटरनेट चालतं. पण अनेकदा ती दोन वेगळी नेटवर्क असतात. एकाचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुसऱ्याचे १९२.१६८.० ने. फोन एकावर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असेल तर घर एक असूनही ते एकमेकांचे शेजारी नसतात. दोघांना एकाच राउटरवर आणा.

पत्ते जुळत असूनही पोहोचता येत नसेल तर कारण बहुधा ‘आयसोलेशन’ असतं. कॉलेज, हॉस्टेल, हॉटेल, कॅफे आणि ऑफिसच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर मुद्दाम अशी व्यवस्था केलेली असते, की प्रत्येकाला इंटरनेट मिळावं, पण एकाला दुसऱ्याचा फोन किंवा लॅपटॉप दिसू नये. ही गोष्ट तुमच्या संरक्षणासाठीच असते. ती फोनमधून बदलता येत नाही आणि तशी खटपट करूही नये. घरच्या राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ वापरत असाल तर तिथेही हेच होतं. घरी मुख्य वाय-फायवर या, प्रश्न सुटेल.

कॉम्प्युटरवरून फोनच्या पत्त्याला ‘पिंग’ करून बघणं ही सोपी परीक्षा आहे. उत्तर आलं तर रस्ता मोकळा आहे. नाही आलं तर नेटवर्क, फायरवॉल किंवा व्हीपीएन यांपैकी काहीतरी आड येतंय.

व्हीपीएन हे विसरलं जाणारं कारण आहे. फोनवर किंवा लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर काही व्हीपीएन घरातल्या घरातली वाहतूकही अडवतात. जाहिराती रोखणारी काही अ‍ॅप्सही आतून व्हीपीएनसारखीच चालतात. दोन्हीकडचं तात्पुरतं बंद करून बघा.

कोडने जमतं, पण क्यूआर कोडने नाही. असं का?

क्यूआर कोड वापरताना कॉम्प्युटरला फोनचा पत्ता आपण सांगत नाही. तो फोनला नेटवर्कवर स्वतः शोधतो. यासाठी एमडीएनएस नावाची पद्धत वापरली जाते. यात फोन नेटवर्कवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक देतो, ‘मी इथे आहे, माझा पोर्ट हा आहे.’ पेअरिंगनंतर आपोआप जोडलं जाणंही याच हाकेवर अवलंबून असतं.

काही राउटर ही हाक पुढे जाऊ देत नाहीत. विंडोजवर तुमचं घरचं वाय-फाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असेल तर फायरवॉल ती अडवू शकतो. सेटिंग्जमध्ये जाऊन घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा. फक्त घरचंच, कॅफेचं नाही. मॅकवर २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून प्रत्येक अ‍ॅपला स्थानिक नेटवर्क वापरण्याची परवानगी द्यावी लागते. ती चुकून नाकारली असेल तर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये पुन्हा चालू करता येते.

‘एडीबी एमडीएनएस सर्व्हिसेस’ ही कमांड दिली की कॉम्प्युटरला कोणते फोन ऐकू येतात ते दिसतं. यादी रिकामी असेल तर हाक पोहोचत नाहीये. तरीही निराश होऊ नका. पत्ता आणि पोर्ट हाताने टाकून ‘कनेक्ट’ केलं तर अनेकदा काम होतं, कारण त्यासाठी हाकेची गरजच नसते.

कशानेच जमत नसेल तर हॉटस्पॉट

हॉस्टेलच्या वाय-फायवर काहीच चालत नसेल तर सरळ उपाय म्हणजे स्वतःचं छोटं नेटवर्क तयार करणं. विंडोज लॅपटॉपचा ‘मोबाइल हॉटस्पॉट’ चालू करा आणि फोन त्याला जोडा. किंवा घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून तुमचा फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्यावर आणा.

ज्या फोनवर डीबगिंग करायचं आहे त्याचाच हॉटस्पॉट मात्र सहसा चालत नाही. वायरलेस डीबगिंगला तो फोन एखाद्या वाय-फायला जोडलेला हवा असतो.

‘यात डेटा संपेल का?’ हा प्रश्न साहजिक आहे. फोन आणि लॅपटॉप यांच्यातली स्क्रीनची वाहतूक हॉटस्पॉटच्या आतच फिरते, ती मोबाइल डेटातून मोजली जात नाही. पण लॅपटॉप मागच्या मागे अपडेट उतरवू लागला तर तो डेटा नक्की जाईल. ते अपडेट आधी थांबवा.

मध्येच का तुटतं?

फोनने वाय-फाय बदललं किंवा क्षणभर सोडलं की वायरलेस डीबगिंग बंद पडू शकतं. घरात दोन वाय-फाय असतील आणि फोन रेंज बघून उड्या मारत असेल तर हे वारंवार होतं. काम होईपर्यंत दुसऱ्या नेटवर्कला आपोआप जोडलं जाणं बंद ठेवा. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा. डेव्हलपर पर्यायांमध्ये चार्जिंग चालू असताना स्क्रीन जागी ठेवण्याची सोय असते, तीही उपयोगी पडते.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हे दार कुणासाठी उघडताय?

पेअर झालेला कॉम्प्युटर तुमच्या फोनवर अ‍ॅप टाकू शकतो, काढू शकतो, फोटो आणि फाइल्स कॉपी करू शकतो, स्क्रीन बघू शकतो आणि तुमच्या बोटाऐवजी स्वतः टॅपही करू शकतो. म्हणून तो सहा अंकी कोड ओटीपीइतकाच खासगी समजा. सायबर कॅफेतला, दुकानातला किंवा ओळख नसलेल्या माणसाचा कॉम्प्युटर कधीही पेअर करू नका. फोनवरून बोलणारा कुणी ‘डेव्हलपर पर्याय चालू करा, मी सांगतो तसं करा’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच असेल तर भारतात १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

ही भीती हवेतली नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘एडीबी डॉट मायनर’ नावाचं मालवेअर उघडकीस आलं. ५५५५ पोर्ट उघडा राहिलेले अँड्रॉइड फोन आणि टीव्ही बॉक्स शोधायचे, त्यांत शिरून क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग करायचं आणि तिथून पुढची उपकरणं शोधायची, असं त्याचं काम होतं. मालकाला कळायचं ते एवढंच, की उपकरण गरम होतंय आणि मंदावलंय. कोडची सोय असलेली नवी पद्धत त्या मानाने खूप सुरक्षित आहे. पण जुन्या पद्धतीने ५५५५ पोर्ट उघडला असेल तर काम झाल्यावर फोन किंवा टीव्ही बॉक्स रीस्टार्ट करा आणि डीबगिंग बंद करा. राउटरवर हा पोर्ट बाहेरच्या इंटरनेटसाठी कधीही उघडू नका.

आणखी एक गोष्ट. काही बँकिंग आणि यूपीआय अ‍ॅप्स डेव्हलपर पर्याय चालू असतील तर उघडतच नाहीत. भाजीवाल्यासमोर क्यूआर स्कॅन करताना हे लक्षात येतं तेव्हा पंचाईत होते. म्हणून काम संपलं की तीन गोष्टी करा: वायरलेस डीबगिंग बंद करा, नको असलेला कॉम्प्युटर ‘पेअर केलेली डिव्हाइस’ या यादीतून काढून टाका आणि रोजची गरज नसेल तर डेव्हलपर पर्यायही बंद करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फोनची स्क्रीन फुटली आहे. आता वायरलेस डीबगिंगने फोटो काढता येतील का?*
स्क्रीन पूर्ण काळी असेल आणि आधी काहीच पेअर केलेलं नसेल, तर नाही. परवानगी फोनच्या स्क्रीनवरच द्यावी लागते. चित्र दिसतंय पण टच चालत नाही, अशी स्थिती असेल तर ओटीजी अडॅप्टरने माउस लावून बघा. बहुतेक फोनवर माउसचा बाण दिसतो आणि पुढचं काम करता येतं.

*लॅपटॉपवर बँकेच्या अ‍ॅपची स्क्रीन काळी का दिसते?*
ती बिघाड नाही. अशी अ‍ॅप्स स्वतःची स्क्रीन कॉपी होऊ देत नाहीत.

*लॅपटॉप वाय-फायवर नसून राउटरला केबलने जोडलाय. चालेल का?*
हो. राउटर एकच असेल आणि आयसोलेशन नसेल तर सहसा काहीच अडचण येत नाही.

*आयफोनवर हे चालतं का?*
नाही. एडीबी फक्त अँड्रॉइडसाठी आहे. आयफोनवर अ‍ॅप तपासण्यासाठी मॅक आणि एक्सकोड लागतं.

थोडक्यात, या क्रमाने तपासा

आधी एरर वाचा. ‘रिफ्यूज्ड’ असेल तर पोर्ट बघा. ‘टाइम आउट’ असेल तर पत्ते जुळवा, गेस्ट नेटवर्क सोडा, व्हीपीएन बंद करा. ‘अनऑथराइज्ड’ असेल तर फोनकडे बघा. ‘ऑफलाइन’ असेल तर सर्व्हर रीस्टार्ट करा. क्यूआर कोड चालत नसेल तर पत्ता हाताने टाका. तरीही नाही जमलं तर हॉटस्पॉट लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दोष कशात होता ते कळेल आणि पुढच्या वेळी अर्धा दिवस वाया जाणार नाही.